तीन राखीव पिचर

सावरखेड मिशनच्या १९३१च्या बेसबॉल संघाची मॅच अजून चालू आहे, आणि गेल्या मंगळवारी सकाळी साडेदहाला त्यांच्या पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, उजवा हात कोपरापर्यंत झिजून संपला. साबणाची वडी झिजते तसा. रक्त नाही, आरडाओरडा नाही. स्तेफन उजागरेनं उरलेल्या हाताकडे बघितलं, चेंडू डाव्या बगलेत धरला आणि तो बाकावर जाऊन बसला.

आमचं कंपाउंड त्या मैदानाभोवतीच वसलंय. चर्च, शाळा, शिक्षकांची घरं, सगळ्यांची तोंडं मैदानाकडे. मैदानावर कायम डिसेंबरातले दुपारचे चार वाजलेले असतात. आमच्याकडे मे महिना असो नाहीतर मुसळधार पाऊस, तिकडे तेच तिरपं ऊन. दूध आणायला मधून जायचं असेल तर चेंडू कुठवर आलाय ते बघायचं आणि खुशाल जायचं. पिचरच्या हातून बॅटरपर्यंत पोचायला त्याला कधीकधी दोन-दोन महिने लागायचे. पण त्या मंगळवारी सकाळपासून चेंडू खरोखरच्या चेंडूच्या वेगानं पळायला लागला, आणि तिथून सगळा डोक्याचा ताप सुरू झाला.

मॅच कशासाठी आहे ते इथं सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या अमेरिकन साहेबानं आमच्या आज्यापणज्यांना हा खेळ शिकवला, त्यानं छावणीच्या मेजरशी पैज लावली होती. जो संघ जिंकेल त्याची ही जागा. मिशन जिंकलं तर इथं वस्ती, छावणी जिंकली तर घोडे फिरवायचं मैदान. मॅच संपली नाही म्हणून आमची वस्ती तात्पुरती आहे, चौऱ्याण्णव वर्षं तात्पुरती. त्यामुळे इथं कुणी घरावर दुसरा मजला चढवत नाही. शेवटचा डाव चालू होता, आमच्या पाच धावा, छावणीच्या दोन, आणि त्यांचे दोन गडी बाद व्हायचे राहिले होते.

अकराच्या सुमारास संघाचा कप्तान माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. मी भाकरी थापत होते. येशूदास गोर्डे सव्वीस वर्षांचा आहे आणि माझ्या आजीचा सख्खा थोरला भाऊ आहे. मी त्रेसष्ट वर्षांची.

"सलाम, पोरी," तो टोपी काढून म्हणाला.

"सलाम, आजोबा. या, बसा."

"बसायला वेळ नाही. तीन राखीव पिचर पाहिजेत. एक दमला की दुसरा, दुसरा दमला की तिसरा."

"तुमच्या बाकावर बसलेत की इतके."

"त्यांचे हात कधीच संपले. आता इकडचे द्या."

त्यांनी संघाची वही माझ्या पिठाच्या परातीशेजारी ठेवली. मी एकतीस वर्षं इथल्या शाळेत खेळाची शिक्षिका होते, जिल्ह्याच्या निवड समितीवर बारा वर्षं बसले. नाव कापताना चक्रनारायण बाईंचा हात थरथरत नाही असं माझ्या पाठीमागे बोलतात. ते १९३१पर्यंत पोचलं असेल असं मात्र वाटलं नव्हतं.

"निवडलेला माणूस परत कधी येणार?" मी विचारलं.

"परत कुठं?" गोर्डे आजोबांनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

वहीच्या पहिल्या पानावर नियम होते. निवड करणाऱ्यानं नाव स्वतःच्या हातानं लिहायचं. वही ज्याच्या हातात, त्याला काही विसरता येणार नाही. लग्नाआधी पुकारतात तसं ते नाव पाळकांनी चर्चच्या पायरीवरून तीनदा पुकारायचं, आणि हरकत आली तर नाव रद्द. शेवटचा नियम असा होता की निवड करणाऱ्यानं आपल्या नात्यातला खेळाडू निवडू नये.

मला हसूच फुटलं. या कंपाउंडात नात्यात नसलेला माणूस दिवा घेऊन शोधावा लागेल. ज्याला मी परका समजत होते तो पोस्टमन भांबळसुद्धा माझ्या मावससासूचा जावई निघाला.

"हा नियम कुणी केला?"

"साहेबानं. आम्ही सगळे एकमेकांचे कोण लागतो ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. आम्ही तो कधी पाळला नाही, पण कुणी हरकत घेतली तर लागू होतो."

ते गेले आणि मी मागे वळले, तर दीना दारात उभी. माझी मुलगी, चोवीस वर्षांची, तालुक्याच्या दवाखान्यात एक्स-रे काढते. डाव्या हातानं चेंडू टाकते आणि तिच्यासारखा चेंडू टाकणारं माणूस मी अख्ख्या नोकरीत पाहिलेलं नाही. हे मी आई म्हणून सांगत नाही. आई म्हणून मी सहा वर्षांपूर्वी जे केलं ते वेगळंच होतं. राज्याच्या संघासाठी जिल्ह्यातून निवड होती, समितीत मी होते, आणि दीनाचं नाव सगळ्यात वर होतं. ती माझी मुलगी आहे, माझी हरकत आहे, असं मीच हात वर करून सांगितलं. नाव कापलं गेलं. लोकांनी माझा सत्कार केला, शाल दिली. दीना त्यानंतर चार महिने माझ्याशी मीठ दे, पाणी दे, एवढंच बोलली.

"माझं नाव लिहितेस ना?" ती म्हणाली.

"बघू."

"तुझं बघू म्हणजे नाही असतं, आई."

"अगं, तिकडे गेलेलं कुणी परत येत नाही. काय मेलं शहाणपण चाललंय तुझं!"

"ते नंतर. मी चांगली आहे की नाही, तेवढं सांग."

मी भाकरी तव्यावर टाकली. तिनं उत्तराची वाट पाहिली, मग हातमोजा घेऊन बाहेर गेली. मला माहीत होतं, ती शाळेच्या भिंतीवर चेंडू मारत बसणार. तो आवाज मला स्वयंपाक उरकेपर्यंत येत राहिला, एकदाही न चुकता, सारख्याच अंतरानं.

पहिलं नाव मी भांबळचं लिहिलं. बार्नबस भांबळ अठ्ठावन्न वर्षांचे, पण चेंडू असा सोडतात की तो वाटेत डुलकी काढल्यागत खाली बसतो. बारा वाजता पाळकसाहेब चर्चच्या पायरीवर उभे राहिले. लोक जेवणाच्या ताटावरून उठून आले होते, कुणाच्या बोटांना अजून कालवण होतं.

"बार्नबस भांबळ, राखीव पिचर. कुणाची हरकत असेल तर आताच सांगा, नाहीतर पुढं कायम गप्प राहा."

तीनदा पुकारून झालं. हरकत कोण घेणार? उलट टाळ्या वाजल्या. भांबळांनी चष्मा काढून बायकोच्या हातात दिला, पायजमा वर खोचला आणि फक्कीची पांढरी रेघ ओलांडली. पलीकडे पाय पडताच त्यांचे केस काळे झाले.

शालोमी, त्यांची बायको, माझ्याशेजारी उभी होती. तिनं हातातल्या चष्म्याकडे बघितलं.

"एस्तेर, हा चष्मा कुणाचा गं?"

"तुझ्या नवऱ्याचा."

"कपाळ माझं! या वयात कसली थट्टा करतेस? मी लग्न केलं असतं तर तुला पत्रिका नसती दिली?" तिनं चष्मा माझ्या हातात कोंबला आणि ती घरी गेली. तिचं ताट अर्धवट राहिलं होतं. भांबळांनी मैदानातून एकदा तिच्याकडे पाहिलं, प्रेक्षकाकडे बघतात तसं, आणि चेंडू हातात घेतला.

त्यांनी पहिला बॅटर तीन चेंडूंत बाद केला. एक गडी राहिला. मी मनातल्या मनात म्हटलं, देवा, एवढ्यात आटप. पुढच्या बॅटरनं उंच टोला मारला आणि बेसवर, वाटेतल्या थांब्यावर, उभा असलेला एक गडी धावत घरी, म्हणजे बॅटरच्या जागी, पोचला. पाच-तीन.

त्या धावेबरोबर शिक्षकांची घरं गेली. पडली नाहीत, गेली. कंपाउंडची भिंत त्यांच्या जागेवर येऊन उभी राहिली, आणि जे लोक तिथं उभे होते ते जरा आत सरकले, बसमध्ये जागा करून देतात तसे. "आपली शिक्षकांची घरं!" मी ओरडले. "कुठली घरं, बाई?" पाळकीणबाईंनी विचारलं.

चौदाव्या चेंडूला भांबळांचा हात संपला. ते बाकावर स्तेफन उजागरेच्या शेजारी जाऊन बसले. गोर्डे आजोबा रेघेपाशी आले.

"दुसरं नाव."

"आजोबा, माणूस सबंध पुसला जातो हो."

"घाई कर, पोरी."

मी विजयानंद देठेचं नाव लिहिलं. तो शाळेत गणित शिकवायचा. चाळिशीचा, खांदा बैलासारखा, आणि प्रत्येक गोष्टीवर वाद. "बाई, निवडीचे निकष काय आहेत?" त्यानं मला पायरीवरच विचारलं.

"खांदा," मी म्हणाले.

"आणि सरासरी?"

"विजयानंद, सरासरी काढायला घर राहायला पाहिजे ना!"

त्याच्या दोन मुली त्याचे दोन हात धरून उभ्या होत्या. पाळकसाहेबांनी पुकारताना मी त्या मुलींकडे पाहिलं नाही, हे मला कबूल केलं पाहिजे. तो रेघ ओलांडून गेला तेव्हा त्या आपापल्या रिकाम्या मुठीकडे बघत राहिल्या, आणि मग कुणाच्या आहेत ते कुणालाच सांगता येईना. पाळकीणबाई त्यांना पाणी द्यायला आत घेऊन गेल्या.

देठेचा चेंडू जोरात जायचा, पण छावणीचा बॅटर पक्का बेरकी. चांगला चेंडू आला की तो बॅटीची कड लावून बाजूला ढकलायचा. तसं झालं की बॅटर बाद होत नाही, चेंडू पुन्हा टाकावा लागतो. एक ढकलला, दहा ढकलले, तेवीस ढकलले. देठेची बोटं झिजत आली, दिशा सुटली. चार चेंडू बाहेर गेले की बॅटरला चालत पुढचा बेस मिळतो. एकाला मिळाला, दुसऱ्याला मिळाला, तिन्ही बेस भरले, आणि पुढच्याला मिळाला तेव्हा सगळ्यात पुढचा गडी आरामात चालत घरी आला. पाच-चार.

शाळा गेली. माझी एकतीस वर्षं ज्या इमारतीत गेली ती भिंतीच्या पलीकडे नव्हती आणि अलीकडेही नव्हती. दीना जिच्यावर चेंडू मारत होती ती भिंत गेली, म्हणून ती चेंडू घेऊन माझ्याजवळ आली. पाळकसाहेब माझ्याकडे वळले.

"ताई, आपण इथल्याच का?"

"पाळकसाहेब, तुमच्या दोन्ही मुलांना मी पोहायला शिकवलंय."

"असं का? छान, छान," ते म्हणाले, आणि त्यांनी सभ्यपणे नजर वळवली.

आता चर्चची पायरी, तिला लागून असलेलं आमचं घर आणि मैदान एवढंच उरलं होतं. कंपाउंडची भिंत आमच्या मोरीला टेकली होती. सगळी मंडळी पायरीवर इतकी दाटीनं उभी होती की कुणाला हात खाली सोडता येत नव्हता. तिन्ही बेसवर छावणीचे गडी होते, आणि एक बरा टोला बसला की दोन धावा, मॅच खलास. एक गडी बाद केला की मॅच आमची. देठेचा हात संपला, तो बाकावर जाऊन बसला.

"तिसरं नाव," गोर्डे आजोबा म्हणाले.

मी माझं नाव लिहिलं. एस्तेर चक्रनारायण. पाळकसाहेबांनी वही माझ्या हातात असतानाच वाकून ते वाचलं आणि पुकारलं, "कुणाची हरकत असेल तर आताच सांगा."

"माझी आहे," दीना म्हणाली.

"कारण?"

"तिचा खांदा आखडलाय. वेणी घालायला हात वर जात नाही, ती मी घालून देते. आणि ती माझ्याहून चांगली नाही."

"गप्प बस, दीने!"

"खोटं आहे का, सांग सगळ्यांसमोर."

खोटं नव्हतं. गोर्डे आजोबांनी माझ्या नावावर स्वतःच रेघ मारली. मैदानातला पंच घड्याळ काढून बघायला लागला. छावणीचे लोक हसले.

"लिही, आई."

"तू मला विसरशील."

"तुला आठवेल ना सगळं? मग झालं तर."

"काय झालं तर? मी ते घेऊन काय करू, कुणाला सांगू? तुझी आई आहे मी!"

"त्या दिवशीपण तू हेच म्हणालीस," दीना म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "मी दारातच उभी होते. ती माझी मुलगी आहे म्हणालीस आणि हात वर केलास. तेव्हापासून मी रोज तोच हात बघते. या वेळेला तरी मी चांगली आहे म्हणून लिही. आणि नाही लिहिलंस तर घर जाणार, आपण दोघी जाणार, मग हरकत घ्यायलासुद्धा कुणी उरणार नाही."

मी लिहिलं. माझा हात थरथरला, लोक काहीही म्हणोत. दीना चक्रनारायण, डावखुरी.

पाळकसाहेबांनी पहिल्यांदा पुकारलं. दीनानं कानातल्या रिंगा काढून माझ्या तळहातावर ठेवल्या, खेळायला उतरताना ठेवायची तशा. दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा माझा उजवा हात आपोआप वर यायला लागला. आखडलेला, दुखणारा, पण येत होता. मला फक्त तीन शब्द बोलायचे होते. माझी मुलगी आहे. नियम होता, वहीत लिहिलेला होता, नाव रद्द झालं असतं आणि ती पुढच्या टोल्यापर्यंत तरी माझ्याजवळ राहिली असती. मी वही बगलेत दाबली आणि डाव्या हातानं उजव्याचं मनगट पकडून खाली ओढलं.

दीना माझ्या हाताकडेच बघत होती.

तिसऱ्यांदा पुकारलं. मी बोलले नाही. मंडळीतलं कुणीही बोललं नाही.

ती हसली. सहा वर्षांत ती माझ्याकडे बघून अशी हसली नव्हती, आणि मला रडू कोसळलं. तिनं माझा खांदा, दुखरा नव्हे दुसरा, दाबला आणि रेघ ओलांडली. चार पावलांत ती पिचरच्या उंचवट्यावर पोचली. गोर्डे आजोबांनी चेंडू तिच्या हातात दिला. तिनं तो फिरवून बघितला, शिवण चाचपली, मग मान वर करून चारी बाजूंना नजर टाकली.

तोवर, धाव न होताच, भिंत आणखी पुढे आली होती. आमचं घर केव्हा गेलं ते मला कळलंच नाही. मी फक्कीच्या रेघेवर उभी होते.

"कप्तान," दीना म्हणाली, "त्या बाई कोण? रेघेवर का उभ्या आहेत? चेंडू लागेल त्यांना."

"खेळाडू त्या निवडतात," गोर्डे आजोबा म्हणाले.

"मला त्यांनी निवडलं?"

"त्यांनीच."

"का?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. पंचानं हात वर केला होता, खेळ सुरू व्हायचा होता.

"सगळ्यात चांगली म्हणून!" मी ओरडून सांगितलं. "तुझ्यासारखी दुसरी नाही म्हणून!"

तिला खरंच आनंद झाला. तो तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसला, कुणीतरी मोठ्या माणसानं शाबासकी दिली की होतो तसा. तिनं टोपीला बोट लावलं.

"थँक्यू, बाई," ती म्हणाली आणि बॅटरकडे वळली. तिन्ही बेसवरचे गडी पुढे सरकले. तिनं उजवा पाय उचलला.